भागूआक्काचं पूर्ण नाव

भागूआक्काच्या शोकसभेतून मी मधेच उठून आलो, त्यावरून गावात बोलणं झालं. मिस्त्री म्हातारा झाला, त्याला आता रीत कळत नाही, असंही कुणी म्हणालं. म्हणू देत. माइकवर बोलणाऱ्या माणसानं आक्काला आयुष्यात एकदा तरी पाहिलं होतं का, याची मला शंका आहे. पांढरे कपडे, गळ्यात उपरणं, आणि दर दोन वाक्यांना तिचं पूर्ण नाव. आधी तिचं, मधे नवऱ्याचं, मग आडनाव. जिद्दीची महिला म्हणायचं आणि पूर्ण नाव घ्यायचं, कष्टाची मूर्ती म्हणायचं आणि परत पूर्ण नाव. मला ते ऐकवेना. चपला घातल्या आणि चालू लागलो.

का ऐकवेना ते सांगायला हे लिहितोय. मी चौथी शिकलेला गवंडी. माझ्या काना-मात्रा नातीनं नीट करून दिल्यात, शब्दाला मात्र हात लावू दिला नाही. आणि कुणाची स्तुती करायची मला सवय नाही. जे पाहिलं ते सांगतो.

भागूआक्का कुठल्याही हापिसात शिरली की आधी खुर्ची बघायची आणि बसायची. आमच्यासारखी माणसं हापिसात गेली की भिंत धरून उभी राहतात. मीही तसाच. बस म्हटल्याशिवाय मी कुणाच्या दारात बसत नाही. तिचं तसं नव्हतं. एकदा एका साहेबानं फायलीतून मान वर करून विचारलं, "बाई, बसायला कुणी सांगितलं?"

"कुनीच न्हाई, दादा," ती म्हणाली. "हुभं ऱ्हायाला बी कुनी सांगितलं न्हवतं. मंग दोनातलं मला बरं वाटलं ते केलं."

साहेब हसला. मी आपला उभाच. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "मिस्त्री, तुमच्या पायाला का मुळ्या फुटल्यात का?"

साहेब असो की शिपाई, सगळ्यांना ती दादाच म्हणायची. कुणी रागावलं तर पुढच्या वाक्याला रावसाहेब म्हणायची आणि त्याच्या पुढच्या वाक्याला परत दादा. अंगानं उंच, हाडापेरानं मोठी, कपाळावर हिरवं गोंदण. आवाज असा की या डोंगरावरून त्या डोंगरावरच्या माणसाशी बोलतेय. फोनवरही तसंच बोलायची. बायका म्हणायच्या, "आक्का, फोन ठिवा खाली, तसंच ऐकू जातंय त्यास्नी."

कासार आंबोलीच्या वरच्या अंगाला डोंगरात धनगरांची वस्ती आहे, तिथली ती. नवरा मेंढरं चारायला म्हणून कासारसाईच्या धरणाकडं गेला, तिकडंच सगळी मेंढरं विकली आणि हिंजवडीकडं कुठंतरी राहिला. दुसरं घर केलं, असं लोक सांगत. परत काही आला नाही. हे कळलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आक्का घमेलं उचलायला गेली. पुढं मुकादमीण झाली. आणि मग वस्तीतल्या बायका आणि आम्ही चार-पाच गडी अशांची तिनं मजूर संस्था काढली. सरकारची लहान कामं, म्हणजे रस्त्याखालची मोरी, गटार, रस्त्याकडेची भिंत, अशा संस्थांना मिळतात. त्यासाठी संस्थेची नोंदणी लागते आणि दर तीन वर्षांनी ती नवी करून घ्यावी लागते. ती चेअरमन होती. कुणी मुकादम म्हणून हाक मारली तर वळून बघायची नाही.

मी तिच्या हाताखाली गेलो त्याचं लोकांना नवल वाटलं. आमच्या भावकीत तर लई बोलणं झालं. धनगराच्या बाईच्या हुकमात मिस्त्री काम करतोय म्हणून. मी तेव्हा हिंजवडीतल्या एका ठेकेदाराचं काम, त्यानं शिवी दिली म्हणून, सोडून घरी बसलो होतो. आक्का दारात आली आणि म्हणाली, "मोरीची भिंत हाय. तुमचा राग संपला आसंल तर या." मी म्हणालो, "राग संपायचा नाही." "मंग रागासकट या," ती म्हणाली. "भित्तीला काय कळतंय."

पहिल्याच आठवड्यात आमचं वाजलं. भिंत निम्मी चढली होती. ती लांब उभी राहून म्हणाली, "मिस्त्री, भित वाकडी हाय."

"तुझा डोळा वाकडा आहे," मी म्हणालो.

बायकांनी घमेली खाली ठेवली. आता मिस्त्री परत घरी बसणार, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. तिनं दोऱ्याचा ओळंबा उचलला आणि माझ्या हातात दिला. मी लावून दाखवला. दोरा भिंतीला सरळ लागून उभा राहिला. ती जवळ आली, दोरा बघितला आणि म्हणाली, "माजा डोळा वाकडा हाय. चा घ्या." झालं. त्यावर पुढं एक शब्द नाही, तोंड पाडणं नाही. माझ्यावर अशी वेळ आली असती तर मी ओळंबाच खोटा आहे म्हणालो असतो. असो.

साडीची गोष्ट सांगायला पाहिजे. एक मोठा ठेकेदार पांढऱ्या गाडीतून तिच्याकडं येऊ लागला. त्याला आमच्या संस्थेचं नाव पाहिजे होतं. काम तो घेणार, मशीन त्याची, माणसं त्याची, कागदावर आम्ही. आक्कानं फक्त सही करायची आणि घरबसल्या वाटा घ्यायचा. पुष्कळ संस्था असंच करतात. येताना त्यानं साडी आणली, जरीची, चांगली भारी. "बहिणीला भावाकडून," म्हणाला. आक्कानं घेतली आणि दुसऱ्या दिवशी तीच साडी नेसून कामावर आली. त्या दिवशी गटाराचं सिमेंट ओतायचं होतं. दुपारपर्यंत साडीचा रंग ओळखू येईना.

ठेकेदार दोन दिवसांनी परत आला. "काय आक्का, साडी आवडली ना? मग सही कधी करायची?"

"साडी ब्येस हाय, दादा. पदूर जरा लांब हाय, घमेल्यात येतोय. आन् सही कशाची?"

"म्हणजे काय? साडी घेतलीत ना?"

"भाऊ म्हनून दिली म्हनला हुता. भावाची साडी परत करायची म्हंजी तुमचाच अपमान की वो."

तो गाडीत बसून गेला. मला ते पटलं नव्हतं. मी म्हणालो, "आक्का, मी असतो तर साडी त्याच्या अंगावर फेकली असती."

"तुमी नेसत न्हाई, म्हनून फेकली असती," ती म्हणाली.

नोंदणी नवी करायचं वर्ष आलं की सगळ्यांचे चेहरे उतरायचे. ऐपतीचा दाखला, केलेल्या कामांचे दाखले, हिशेब तपासल्याचा दाखला, पोलिसांचा दाखला. एका दाखल्याला दुसरा दाखला लागतो, आणि दुसरा हातात येईतो पहिल्याची मुदत संपते. पौडला जा, पुण्याला जा, साहेब मीटिंगला गेलेत, साहेब बदलून गेलेत, नवे साहेब अजून रुजू झाले नाहीत. सकाळी भाकरी बांधून निघायचं आणि हापिसाच्या पायरीवर बसून ती खायची. आक्का शिपायालाही चतकोर द्यायची. तो घ्यायचा. काम काही त्यामुळं लवकर होत नव्हतं. मी चिडायचो, घरी चला म्हणायचो. ती म्हणायची, "लागंल त्येवढं लागंल." हे वाक्य ती इतक्या वेळा म्हणायची की त्यात धीर होता की कंटाळा, ते मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

मी सांगतोय ती शेवटची खेप. त्या वर्षी वस्तीवर जाणारा रस्ता मंजूर झाला होता. डांबरी सडकेपासून वर घरांपर्यंत, सिमेंटचा. आक्का सून म्हणून त्या वाटेनं चढली तेव्हापासून ती पायवाटच होती. साऱ्या मुलखाचे रस्ते करून या बायका संध्याकाळी दगडाधोंड्यांतून घरी चढायच्या. आक्कानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "ह्यो रस्ता आपुनच करायचा. आपल्या रस्त्याव दुसऱ्याची मानसं आनून मी बगत बसायची न्हाई." पण टेंडर भरायचं तर नोंदणी चालू पाहिजे. ती संपत आली होती. आणि या खेपेला नियम नवा. सगळं कॉम्प्युटरवर, आणि चेअरमनची डिजिटल सही पाहिजे.

त्यासाठी पौडच्या एका ई-सेवा केंद्रात गेलो. तिथं मनीषा नावाची लग्न झालेली पोरगी कामाला होती. हुशार आणि तोंडाची गोड. कागद झाले, फोटो झाला. मग तिनं मोबाइल आक्कासमोर धरला. "आजी, आता इथं बघायचं, आधार कार्डावर आहे तसं पूर्ण नाव बोलायचं, आणि म्हणायचं, मी डिजिटल सहीसाठी अर्ज करते आहे. व्हिडिओ होतोय. बोला."

"भागूबाई," आक्का म्हणाली.

"पूर्ण नाव, आजी."

"चेअरमन भागूबाई."

आम्ही हसलो. मनीषाही हसली. "अहो, मधे आजोबांचं नाव, मग आडनाव."

आक्का गप्प. जी बाई साहेबाला दादा म्हणते, ठेकेदाराची साडी नेसून ठेकेदाराला घालवते, ती मोबाइलसमोर गप्प. मनीषाला वाटलं लाजतेय. "उखाण्यात घ्या हवं तर," ती म्हणाली. "मी तर माझ्या नवऱ्याला ए विक्या म्हणून हाक मारते, सासूसमोर."

"तुजं चांगलं चाललंय," आक्का म्हणाली आणि उठून बाहेर गेली.

व्हिडिओ तसाच पाठवला. दोन दिवसांनी परत आला, नाव अपूर्ण. दुसऱ्यांदा मनीषानं नाव म्हटलं आणि आक्कानं मान हलवली. तोही परत आला, आवाज दुसऱ्याचा. टेंडर भरायची मुदत जवळ येत चालली. चेअरमन बदलून वस्तीतल्या सुमनला करावी म्हटलं, तर सभा, ठराव, मंजुरी, त्यात महिने जाणार. नवऱ्याचं नाव काढून बापाचं लावावं म्हटलं, तर आधार, पॅन, बँक, संस्था, सगळ्या कागदांवर तेच नाव चिकटलेलं. तिकडं हापिसात बातमी होती की बाहेरचा एक ठेकेदार त्या रस्त्यासाठी तयारीत बसलाय. बायका विचारायच्या, "आक्का, कागुद झालं का?" ती म्हणायची, "हुतंय."

एक दिवस पौडच्या स्टँडवर जीपची वाट बघत आम्ही दोघं बसलो होतो. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "आक्का, आमच्याही बायका नाव घेत नाहीत. माझी बायको मला आजपर्यंत अहोच म्हणते. पण हे कागदाचं काम आहे. एवढा मान त्यानं मिळवला तरी आहे का? नाव घेतलंस म्हणून देव काय शिक्षा देणार नाही."

तिनं कागदांची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "तुमास्नी वाटतंय मी त्येचा मान राखतीया?"

"मग?"

"माजी मेंढरं हुती ती, मिस्त्री. बापानं दिल्याली. वाढवली मी. इकून आला न्हाई तो, त्या दिशी त्येचं नाव मी जिभंवरनं काडून टाकलं. मान कसला. कुनी इचारलं तर 'तो' म्हनते. 'तो'सुदिक म्हनत न्हाई आता." तिनं पिशवीवर हात मारला. "आन् बगा, माजी समदी कामं त्येच्या नावानं. मोरी बांदली, नाव त्येचं. गटार बांदलं, नाव त्येचं. मी घमेलं उचलतीया, आन् मधी बसून तो जातोय माज्याबरूबर हापिसात."

सगळी वस्ती, सगळं गाव समजत होतं की आक्का जुन्या वळणाची, नवऱ्याचं नाव घेत नाही. बायका तर सुनांना तिचा दाखला द्यायच्या. ती त्यांना तसं समजू देत होती. जीप आली. ती चढताना एवढंच म्हणाली, "ह्ये बायकांस्नी सांगू नका. त्यास्नी बरं वाटतंय तर वाटू द्या."

दोन दिवसांनी सकाळी तिनंच निरोप पाठवला, पौडला चला. बरोबर सुमन होती, आणखी दोघीतिघी होत्या. केंद्रात शिरली, खुर्चीत बसली, पदर सारखा केला. मनीषाला म्हणाली, "धर तुजा मोबाइल." बायकांना म्हणाली, "बाहीर व्हा गं." मीही उठलो. "तुमी बसा, मिस्त्री," म्हणाली. मी बसलो. कुणाच्या सांगण्यावरून मी एवढ्या लगेच बसलो नसेन.

तिनं मोबाइलच्या डोळ्यात बघितलं आणि पूर्ण नाव घेतलं. तिचा नेहमीचा आवाज, डोंगरावरून डोंगरावर जाईल असा. दाराबाहेर उभ्या असलेल्या बायकांनी तोंडावर पदर घेतला. मी ते नाव ऐकलं. इथं लिहिणार नाही.

मनीषानं मोबाइल खाली केला. तिचा चेहरा पडला. "आजी, सॉरी. नेट गेलं. परत घ्यावं लागेल."

मला वाटलं आता ही उठून जाणार. आक्का हलली नाही. "घी," म्हणाली. आणि परत नाव घेतलं. आवाज पहिल्यापेक्षा खाली होता.

"झालं, झालं. आता फक्त इकडं बघून दोनदा डोळे मिचकवा."

"कशापायी?"

"जिवंत माणूस आहे की फोटो, ते कळायला लागतं त्यांना."

आक्कानं माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "अगं भवाने, नवऱ्याचं नाव घिऊन वर डोळा मारू व्हय?"

मनीषा टेबलावर डोकं टेकून हसली. बाहेर बायका हसल्या. आक्काही हसली, पोट धरून, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. ते पाणी तिनं पुसलं नाही. तसेच डोळे मिचकावले. मग बाहेर आली, शेजारच्या हॉटेलच्या नळावर गेली आणि चूळ भरली. परत भरली. बराच वेळ भरत होती. हॉटेलवाला म्हणाला, "मावशी, पाणी जातंय." नळ बंद करून ती बाकावर बसली आणि म्हणाली, "चा दी. साकर जास्त टाक."

नोंदणी झाली. कागद आला तेव्हा तिनं तो बघितलासुद्धा नाही, सुमनकडं दिला. त्याच सभेत तिनं सांगितलं की पुढच्या खेपेला चेअरमन सुमन, आणि त्याचा ठराव आत्ताच करा. "तीन वर्सांनी परत माज्याकडं मोबाइल घिऊन कुनी यायचं न्हाई." बायका नको नको म्हणाल्या. मीही म्हणालो. तिनं ऐकलं नाही. संस्थेच्या सभेत ती एकटीच जमिनीवर बसायची, त्या दिवशीही तशीच बसली होती. ठराव झाल्यावर गुडघ्यावर हात देऊन उठली आणि म्हणाली, "चला, सुटले."

काम आम्हाला मिळालं. बाहेरच्या ठेकेदाराचे कागद कुठंतरी अडकले, असं ऐकलं. आम्हाला त्याचा आनंद करायची ताकद राहिली नव्हती. उन्हाळाभर रस्ता चालला. वळणावरच्या भिंती मी बांधल्या. ती माझी शेवटची भिंत. आक्का चेअरमन होती तरी घमेल्यांच्या रांगेत उभी असायची. सुमन म्हणायची, "आक्का, आता तुमी सावलीत बसा." ती म्हणायची, "सावलीत बसून रस्ता वर चडंल का?" काम संपता संपता मात्र तीही दर चार खेपांना दम खायला थांबू लागली. रस्ता सुरू झाला त्या दिवशी पेढे वाटले. पुढारी आले, फोटो काढले. आक्का फोटोत नाही. तिकडं वर बायकांबरोबर अवजारं धूत होती.

त्यानंतर माझे गुडघे गेले. मुलानं मला हिंजवडीला त्याच्याकडं नेलं, वरच्या मजल्यावर. तिथं गॅलरीतून रात्रंदिवस गाड्या दिसतात. गावाकडं येणं कमी झालं. आक्काचं दुखणं मला पुष्कळ उशिरा कळलं.

शेवटचं पाहिलं ते मात्र स्वच्छ आठवतं. बँकेच्या कामासाठी आलो होतो, तर पुतण्याला म्हणालो, मला रस्त्याच्या तोंडाशी सोड, जरा बघतो. पहिल्या वळणापर्यंत चढलो आणि दम लागून भिंतीवर टेकलो. वर थोड्या अंतरावर आक्का चालली होती. डोक्यावर वाळल्या गवताचा भारा. ती सिमेंटवरून चालत नव्हती, कडेच्या मातीतून चालली होती, अनवाणी. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण धाप लागली होती, आवाज निघाला नाही.

तेवढ्यात खालून एक मोठी गाडी आली, शहरातली, काळ्या काचांची. आता शनिवार-रविवारी अशा गाड्या वर पुष्कळ जातात, जागा बघायला. गाडी तिच्याशेजारी थांबली. काच खाली झाली. आतला माणूस काय म्हणाला ते नीट ऐकू आलं नाही, पण हात वर करून रस्ता दाखवत होता, म्हणजे हा कुठं जातो, असंच विचारत असणार.

आक्का थांबली. भाऱ्याला हात लावून तो डोक्यावर सारखा केला. तिचं बोलणं मला खाली भिंतीपाशी ऐकू आलं.

"माज्या घरी," ती म्हणाली.

तो माणूस पुढचं काही ऐकायला म्हणून काच तशीच ठेवून बसला. ती मातीच्या कडेनं वर चालू लागली होती.